कूपन कोड देणारी मैत्रीण

"डॉक्टर, हे घेऊ का?" असं म्हणत रुग्ण हल्ली मोबाईल पुढे करतात. पडद्यावर इन्स्टाग्रामवरचा एक फोटो असतो. कधी केसांच्या गमीजची गुलाबी डबी, कधी वजन घटवणारी पावडर, कधी 'पीसीओएस चहा', कधी सगळ्या अंगाची तपासणी करून देणारं पॅकेज. थोडं खोदून विचारलं की कळतं, घेऊन झालेलं आहे, डबी निम्मी संपली आहे, आणि आता काहीतरी होऊ लागलं म्हणून विचारायला आले आहेत.

मी नेहमी पुढचा प्रश्न विचारतो, "हे कुणी सांगितलं?" "जाहिरात पाहिली" असं उत्तर जवळजवळ कधीच येत नाही. उत्तर येतं, "तिथे एक मुलगी आहे, तिलाही माझ्यासारखाच त्रास होता." किंवा, "आमचा मधुमेहवाल्यांचा ग्रुप आहे, तिथे सगळे घेतात."

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. फोटोंच्या या जगात जाहिरात आणि आपली माणसं यांच्यातली भिंत पडली आहे. साडी किंवा चप्पल घेताना त्यामुळे फार तर पैसे वाया जातात. आजाराच्या बाबतीत मात्र मूत्रपिंड, यकृत आणि कधीकधी जीवही पणाला लागतो.

सुरुवात गप्पांची, शेवट दुकानाचा

फोटो दाखवण्याच्या या जागा सुरुवातीला दुकानं नव्हत्या. २००४ साली फ्लिकर सुरू झालं तेव्हा तिथे हौशी छायाचित्रकार जमायचे. कुणी फक्त पक्ष्यांचे फोटो टाकायचं, कुणी जुन्या वाड्यांचे. लोक एकमेकांच्या फोटोंखाली लिहायचे, शिकायचे आणि शिकवायचे. ज्यांना जास्त जागा हवी, ते वर्षाची वर्गणी भरायचे.

ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने ते सुमारे १०० कोटी डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे अवघी तेरा माणसं कामाला होती आणि जाहिरातीचा एक रुपयाही येत नव्हता. मग एवढी किंमत कशाची? रोज तिथे येऊन बसणाऱ्या लोकांची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इन्स्टाग्रामने नियम बदलले. आपले फोटो आपल्याला न विचारता जाहिरातीत वापरता येतील, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच कंपनीने जाहिरातीबद्दलचा जुना मजकूर परत आणला.

पुढे गंमत झाली. नोव्हेंबर २०१३ पासून अमेरिकेत अधिकृत जाहिराती दिसू लागल्या. २०१६ मध्ये फोटो वेळेच्या क्रमाने दाखवणं बंद होऊन, तुम्ही कशावर थबकता हे पाहून दाखवणं सुरू झालं. २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इथे रील्स आल्या. ज्या लोकांनी २०१२ साली "आमचे फोटो जाहिरातीत वापरू नका" म्हणून आवाज उठवला, त्यांच्यासारखेच लाखो लोक आज आपणहून जाहिरातीत उभे आहेत. फरक एवढाच की आता त्यांना त्याचे पैसे मिळतात.

काकूंना कमिशन मिळत नव्हतं

आपल्याकडे औषधाचा सल्ला शेजारून येणं नवीन नाही. चाळीतल्या काकू ओव्याचा काढा सांगायच्या, गावातले आजोबा एखाद्या वैद्याचं नाव सुचवायचे. ते सगळं बरोबर होतं असं अजिबात नाही. पण त्या काकूंना आपण काढा प्यायल्याबद्दल कुणी कमिशन देत नव्हतं. काढा बाधला तर दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडायची, आणि "काकू, रात्रभर जळजळ झाली हो" असं ऐकल्यावर त्या पुढच्याला तो सांगायच्या नाहीत.

जाहिरातही तेव्हा ओळखू यायची. दिवाळी अंकातलं जाहिरातीचं पान वेगळं असायचं. हळदीकुंकवाला आलेली एखादी बाई पिशवीतून प्लास्टिकचे डबे काढू लागली की आता विक्री सुरू झाली, हे सगळ्यांना कळायचं.

फोटोतल्या मैत्रिणीच्या बाबतीत हे दोन्ही गेलं. तिच्या नावाचा कूपन कोड असतो. तो वापरून तुम्ही डबी घेतली की तुम्हाला थोडी सूट आणि तिला थोडं कमिशन मिळतं. कधी पैसे मिळत नाहीत, फुकट माल मिळतो. तुम्हाला बाधलं तर जिन्यात गाठ पडत नाही. तक्रार लिहिली तर ती पुसून टाकता येते. पाहणाऱ्याला मात्र दिसतं ते तिचं स्वयंपाकघर, तिचं बाळ, तिचे रडून लाल झालेले डोळे. आपला मेंदू याला जाहिरात समजत नाही, तो याला ओळखीचं माणूस समजतो. जाहिरातीला आपण उणं धरून ऐकतो, पण ओळखीच्या माणसाचं तसं धरत नाही. कंपनी पैसे मोजते ते याच विश्वासाचे.

खरं बोलणाऱ्याचंही चुकू शकतं

इथे कुणी म्हणेल, "पण डॉक्टर, ती खोटं बोलत नाहीये. तिचे केस खरंच आलेत." मला ते मान्य आहे. बरेचसे लोक प्रामाणिक असतात. अडचण वेगळीच आहे, आणि ती समजून घेणं महत्त्वाचं आहे.

डेंग्यू, टायफॉईड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेलं वजन, यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. शरीराला धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी एकत्र गळतात. बहुतेकांमध्ये हे सुमारे सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि नवे केस येतात. आता विचार करा, माणूस गमीज कधी घेतो? गळती सर्वात जास्त असताना. त्यानंतर काहीही केलं, नुसतं देवाचं नाव घेतलं, तरी केस परतणारच होते. श्रेय मात्र डबीला जातं. 'आधी' आणि 'नंतर' हे दोन्ही फोटो खरे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

वजनाचंही तसंच. खाणं एकदम कमी केलं की पहिल्या आठवड्यात यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन संपतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. काटा दोन-तीन किलोने उतरतो आणि फोटो टाकला जातो. यात चरबी थोडीच असते. पुढच्या महिन्यात वजन परत आलं की कुणी फोटो टाकत नाही. ज्यांना फायदा झाला नाही ते गप्प बसतात, ज्यांना त्रास झाला ते डॉक्टरकडे येतात. त्यामुळे ग्रुपमध्ये 'सगळ्यांनाच फायदा' झालेला दिसतो.

औषधाची परीक्षा घेताना आम्ही सारख्या रुग्णांचे दोन गट करतो, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी देतो, ते याच कारणासाठी. रुग्णावर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपोआप बरं होणं आणि औषधाने बरं होणं यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून.

नुकसान नेमकं कुठे होतं

पहिलं उदाहरण बायोटिनचं. केसांच्या बऱ्याच गोळ्यांत हे जीवनसत्त्व असतं. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. काही गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. शरीराला त्याचा त्रास होत नाही, पण रक्ताच्या काही तपासण्या बायोटिनच्या रसायनावर चालतात, त्या चुकतात. टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसून थायरॉईड वाढल्याचा भास होतो. हार्ट अटॅकमध्ये तपासलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, आणि त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. तेव्हा रक्त तपासायला जाताना अशी गोळी घेत असल्यास ते सांगा.

दुसरं, गोरेपणाच्या क्रीमचं. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांत त्याचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरल्याचं सांगितलं. अशा क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो आणि फोटो छान येतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. फोटोत चेहरा दिसतो, मूत्रपिंड दिसत नाही.

तिसरं, मधुमेहाचं. 'इन्सुलिन बंद, मधुमेह गायब' अशा पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. यात अर्धं सत्य आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत कडक आहार घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांचा टाइप टू मधुमेह एका वर्षानंतर औषधाविना आटोक्यात होता. पण ते सगळे मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. या अटी फोटोत मावत नाहीत. तीच पोस्ट पाहून टाइप वन मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं, तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, कीटोअॅसिडोसिस होऊन जीव धोक्यात येतो.

चौथं उदाहरण तपासण्यांचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरच्या ९८२ पोस्ट तपासल्या आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषय होता निरोगी माणसांना सुचवल्या जाणाऱ्या पाच तपासण्या. त्यात सगळ्या अंगाचा एमआरआय होता, स्त्रीबीजांचा साठा सांगणारी एएमएच होती. ८७ टक्के पोस्टमध्ये फायदे सांगितले होते, तोटे मात्र फक्त १५ टक्क्यांत. ६८ टक्के खातेदारांचा त्यात आर्थिक फायदा होता. आता एएमएचचंच पाहा. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांमध्ये एएमएच कमी असलं म्हणून नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता कमी दिसली नाही, असं २०१७ च्या एका चांगल्या अभ्यासात आढळलं. तरी तो आकडा हातात घेऊन तिशीतल्या मुली रडत येतात. तपासणी विकणाऱ्याने त्यांना भीतीही विकलेली असते.

मग हे ग्रुप वाईट का?

नाहीत. उलट मला त्यांची गरज पटते. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या आईला शाळेच्या सहलीला इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, हे दुसरी आईच नीट सांगू शकते. पोटावर स्टोमाची पिशवी असलेल्या माणसाने लग्नाला जाताना कपडे कसे घालावेत, कोड असलेल्या मुलीने कॉलेजातल्या नजरांना कसं तोंड द्यावं, स्तनाच्या कर्करोगानंतर आरशात पाहण्याचं धैर्य कसं आणावं, याची उत्तरं आमच्या पुस्तकात नाहीत. ओपीडीतल्या पाच-सात मिनिटांत ती मिळतही नाहीत. आजारी माणूस एकटा पडतो, आणि तिथे त्याला "मलाही असंच होतं" म्हणणारं कुणीतरी भेटतं. हे औषधाइतकंच मोलाचं आहे.

म्हणूनच मला जास्त राग येतो. जिथे एका आजाराची हजारो माणसं विश्वासाने एकत्र बसली आहेत, ती जागा विक्रेत्यासाठी आयती बाजारपेठ असते. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. तुमचा आजार तुम्हीच लिहिलेला असतो. रात्री दोन वाजता केसगळतीचे व्हिडिओ पाहिलेत, तर सकाळी तुमच्यापुढे केसांचीच औषधं येतात. आजाराची काळजी जितकी जास्त, तितका वेळ पडद्यावर जास्त, आणि तितक्या जाहिराती जास्त.

कायदा काय म्हणतो

कायदा नाही असं नाही. १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग, रक्तदाब, कोड, एवढंच काय उंची वाढवणंही त्यात आहे. यांवर उपचार किंवा प्रतिबंध करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाख आणि नंतर ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, जून २०२१ पासून पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायला सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्याविषयी बोलणाऱ्यांनी आपली पात्रता सांगावी, असं परिषदेनेही आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही बजावलं.

प्रत्यक्षात काय होतं? गोळी 'औषध' न म्हणता 'अन्नपूरक' म्हणून विकली जाते. डबीवर बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही, असं इंग्रजीत छापलेलं असतं, कारण अन्नपूरकांसाठी तो नियमच आहे. कॅमेऱ्यासमोर मात्र तिने पाळी नियमित झाल्याचं सांगितलं जातं. जाहिरातीची खूण हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी, इंग्रजीत कुठेतरी असते. चोवीस तासांत नाहीशी होणारी स्टोरी कोण तपासणार?

माझं मत

जाहिरात बंद करा, असं मी म्हणत नाही. रोज व्हिडिओ करणाऱ्याला पोट आहे, आणि त्याने कपडे किंवा भांडी विकायला माझी हरकत नाही. पण आजाराच्या बाबतीत तीन गोष्टी व्हायला हव्यात.

एक, जाहिरात असेल तर व्हिडिओच्या सुरुवातीलाच, ज्या भाषेत व्हिडिओ आहे त्याच भाषेत, तोंडाने सांगायला हवं. "याचे मला पैसे मिळाले आहेत" हे वाक्य मराठीत म्हणायला तीन सेकंद पुरतात.

दोन, रुग्णांचे ग्रुप चालवणाऱ्यांनी उपचार विकणाऱ्यांकडून काही घेऊच नये. खर्च लागत असेल तर सभासदांकडून छोटी वर्गणी घ्यावी. गणेशोत्सव मंडळ वर्गणीवर चालू शकतं, तर रुग्णांचा गटही चालू शकेल.

तीन, आम्हा डॉक्टरांबद्दल. आरोग्याची माहिती जरूर द्यावी, लोकांना तिची भूक आहे. पण अंगावर पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली कूपन कोड, हे एकत्र चालणार नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणं अनैतिक मानलं आहे. परवानगीशिवाय, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो छापणंही तिला मान्य नाही. इन्फ्लुएन्सरची डबी बाधली तर लोक इन्फ्लुएन्सरवर रागावतील. डॉक्टरने विकलेली डबी बाधली तर उद्या लसीबद्दलही आमचं कुणी ऐकणार नाही.

तुम्ही काय कराल

- शिफारस दिसली की पहिला प्रश्न विचारा, मी हे विकत घेतलं तर हिला काय मिळेल? कूपन कोड किंवा खरेदीची लिंक असेल तर ती जाहिरात समजा, मग रडणं कितीही खरं असो.
- 'आधी' आणि 'नंतर' यांच्यामध्ये किती काळ गेला ते पाहा. तेवढ्या काळात तो त्रास आपोआप बरा होतो का, हे डॉक्टरांना विचारा.
- डबीची मागची बाजू वाचा. त्यात काय, किती आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. सात दिवसांत उजळपणा देणारं, उत्पादकाचा पत्ता नसलेलं क्रीम तर मुळीच नको.
- ग्रुपमधून धीर घ्या, रोजच्या जगण्याच्या युक्त्या घ्या. औषध सुरू करणं, बंद करणं आणि डोस बदलणं या तीन गोष्टी मात्र तिथून घेऊ नका.
- काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डबी सोबत आणा. आम्ही रागावू या भीतीने लपवलेली गोळी, निदान चुकवू शकते.
- तुम्हाला एखाद्या वस्तूचा त्रास झाला असेल तर तेही त्याच ग्रुपमध्ये लिहा. पुसलं गेलं तर पुन्हा लिहा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

या यादीतला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज त्या ग्रुपमध्ये फक्त फायदा झालेल्यांचा आवाज ऐकू येतो. ज्यांना काही झालं नाही आणि ज्यांना बाधलं, त्यांनी बोलायला सुरुवात केली तरच तो खऱ्या अर्थाने रुग्णांचा ग्रुप होईल. नाहीतर ते एक दुकान आहे, आणि तिथे आपण सगळे जण फुकट कामाला आहोत.